सावकार नको, वाटेकरी हवा!

पुण्यात १९५५ साली एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेला मुलगा दिल्लीच्या आयआयटीतून पदवी घेतो, अमेरिकेस जातो, आणि तिशी ओलांडते न ओलांडते तोच तेथील धनिकांचा पैसा कोणत्या नव्या उद्योगात घालावा हे ठरविणाऱ्या मंडळीत जाऊन बसतो. विनोद खोसला यांचे हे चरित्र आपल्याकडे बहुधा अद्भुतकथेसारखे सांगितले जाते. किती अब्ज डॉलर मिळविले याची मोजदाद होते, टाळ्या पडतात आणि ऐकणारा आपल्या कामाला लागतो. आम्हांस मात्र हे चरित्र निराळ्या कारणासाठी तिवशाच्या वेशीत आणून उभे करावयाचे आहे. ज्या तालुक्यातला शेतकरी दर मृगाला आपले सर्वस्व मातीत पेरून आभाळाकडे डोळे लावतो, त्या तालुक्याला साहस शिकविण्याची कोणाची प्राज्ञा नाही. प्रश्न आहे तो त्या साहसात त्याच्याबरोबर कोण उभे राहते याचा. आणि या चरित्राकडे पाहावयाचे ते या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

खोसला यांचा पहिला उद्योग बुडाला, ही गोष्ट टाळ्या वाजविणाऱ्यांच्या सहसा लक्षात नसते. १९७६ साली पदवी घेतल्यावर त्यांनी भारतातच एक कंपनी काढण्याचा घाट घातला होता. ज्या घरांत शीतकपाट नाही त्या घरांसाठी सोयाबीनचे दूध तयार करावे, अशी ती कल्पना होती. ती तडीस गेली नाही. पुढे कार्नेगी मेलन आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांतून शिक्षण घेऊन १९८२ साली त्यांनी तिघा सहकाऱ्यांसह सन मायक्रोसिस्टिम्स ही संगणकाची कंपनी उभी केली. परदेशातून आलेल्या, नुकत्याच शिक्षण संपविलेल्या तरुणापाशी बँकेत गहाण ठेवावे असे काय असणार? तरीही क्लायनर पर्किन्स या संस्थेने त्या कंपनीत पैसा घातला. १९८६ साली खोसला स्वतःच त्या संस्थेचे भागीदार झाले. प्रदीप सिंधू यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ज्युनिपर नेटवर्क्स या कंपनीत त्यांनी घातलेल्या काही दशलक्ष डॉलरांचे पुढे अब्जावधी झाले. २००४ साली त्यांनी आपली स्वतंत्र संस्था काढली, आणि २०१९ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घरोघरी पोचण्यापूर्वीच ओपनएआयमध्ये ५ कोटी डॉलर घातले.

ज्याला व्हेंचर कॅपिटल म्हणजे साहसी भांडवल म्हणतात, ते आहे तरी काय? वऱ्हाडातल्या माणसास ते समजावून देण्यास अर्थशास्त्राचे ग्रंथ नकोत. मक्ता आणि बटई हे दोन शब्द पुरे आहेत. मक्त्याने शेत केले, तर पाऊस पडो वा न पडो, ठरलेली रक्कम मालकाच्या पदरात टाकावीच लागते. बटईत पीक आले तर दोघांचे, आणि बुडाले तर तेही दोघांचे. कर्ज म्हणजे मक्ता. साहसी भांडवल म्हणजे बटई. ते देणारा व्याज मागत नाही, तारण मागत नाही. तो कंपनीत वाटा मागतो. उद्योग बुडाला तर त्याचाही पैसा बुडतो, आणि उद्योजकाच्या राहत्या घरावर जप्ती येत नाही. दहा ठिकाणी पैसा घातला तर बहुतेक ठिकाणी तो जातो किंवा कसाबसा परत येतो. एखादे ठिकाण मात्र सगळ्यांची भरपाई करून वर उरते. फ्रान्समध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या जॉर्ज डोरिओ यांच्या संस्थेने १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले. १९६८ साली त्या वाट्याची किंमत ३५ कोटी डॉलरांहून अधिक झाली. या साऱ्या व्यवसायाची रीत त्या एका उदाहरणाने पडली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डोरिओ फ्रेंच, क्लायनर पर्किन्सचे संस्थापक यूजीन क्लायनर व्हिएन्नाचे, खोसला आपल्याकडचे. परक्यांनी परक्यांवर विश्वास टाकून उभा केलेला हा व्यवहार आहे. पण तो केवळ मनाच्या मोठेपणातून उभा राहिला, असे मानण्याचे कारण नाही. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाई लोकांस आपली दारे उघडली. १९७९ साली पेन्शन फंडांवरील नियम सैल झाले आणि कामगारांच्या निवृत्तीच्या पुंजीतला काही हिस्सा या साहसाकडे वळू शकला. विश्वासालाही कायद्याचा पाया लागतो, हे आपल्या राज्यकर्त्यांनी लिहून ठेवावे.

या कथेत मराठी नावही आहे. सुहास पाटील १९४४ साली जमशेदपूर येथे जन्मले, खरगपूरच्या आयआयटीत शिकले आणि एमआयटीतून १९७० साली डॉक्टर झाले. प्राध्यापकी सोडून त्यांनी १९८१ साली युटा राज्यात अर्धवाहक चकत्यांची कंपनी काढली. तीच पुढे कॅलिफोर्नियात सिरस लॉजिक या नावाने वाढली आणि १९८९ साली शेअरबाजारात आली. आम्हांस त्यांचे मोठेपण पुढच्या पावलात दिसते. १९९२ साली भारतीय उपखंडातून गेलेल्या उद्योजकांनी 'टाय' ही संस्था स्थापन केली, तीत पाटील अग्रभागी होते. आधी पोचलेल्याने मागून येणाऱ्यास सल्ला द्यावा, ओळख द्यावी आणि पटले तर आपल्या गाठीचा पैसाही द्यावा, हे तिचे सूत्र. आपल्या वारकऱ्यांस ही रीत नवी वाटू नये.

तथापि या भांडवलदारांस देव्हाऱ्यात बसविण्याची आमची इच्छा नाही. खोसला यांचा भरवसा असलेली कायोर ही लाकडापासून इंधन करणारी कंपनी २०१४ साली दिवाळ्यात निघाली. तिला मिसिसिपी राज्याने साडेसात कोटी डॉलरांचे कर्ज दिले होते, आणि त्याचा भार अखेर तेथील करदात्यांवर आला. कॅलिफोर्नियातील मार्टिन्स बीच येथील जमीन खोसला यांनी २००८ साली घेतली आणि समुद्रकिनाऱ्याकडे जाण्याची लोकांची वाट पुढे बंद केली. त्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्यांचे अपील ऐकण्यास नकार दिला. ज्यांना समाजाने वाट करून दिली, त्यांनी समाजाची वाट अडवावी हे शोभणारे नाही. शिवाय ज्या आयआयटींनी ही माणसे घडविली त्यांचा खर्च भारतातील करदात्याने सोसला होता. त्या करदात्यांत वऱ्हाडचा कापूसवालाही होता, हे कोणत्या गौरवग्रंथात लिहिले आहे काय?

आता आपल्या घरी येऊ. वऱ्हाडात पैसा कधी आलाच नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी आली, जिन आल्या, प्रेस आल्या, अमरावतीचा कापूसबाजार नावारूपास आला. यादवी संपताच भाव कोसळले. व्यापाऱ्याने भाव पाडला, सावकाराने व्याज चढविले आणि शेतकऱ्याच्या हाती उरला तो गहाणखताचा कागद. पुणे आणि नगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, ती याच कारणाने. जोखीम पेरणाऱ्याची आणि नफा मोजणाऱ्याचा, अशी ही वाटणी होती. महाराष्ट्रास २०१४ साली पुन्हा सावकारी नियमनाचा कायदा करावा लागला, बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद त्यात घालावी लागली; मग ती वाटणी संपली असे कोणत्या तोंडाने म्हणावे? बँकेत जा, सातबारा मागतात. कृषिकेंद्रात जा, उधारी वहीत चढते. पाऊस दगा देतो तेव्हा बँक बुडत नाही, दुकानदार बुडत नाही. बुडतो एकटा शेतकरी. जगातील सर्वांत मोठे साहस करणाऱ्या या माणसाच्या साहसाला वाटेकरी नाही! विदर्भातील आत्महत्यांची चर्चा करणाऱ्या विद्वानांनी या एका वाक्याचा विचार करावा.

यावर कोणी म्हणेल, दहापट-शंभरपट वाढ मागणारे भांडवल कोरडवाहू कपाशीत कसे यावे? आक्षेप खरा आहे. शेतीला हवे ते रास्त भाव, पाणी आणि पीकविमा. साहसी भांडवल त्यांची जागा घेऊ शकत नाही, आणि सरकारने त्याआड लपू नये. परंतु पीक घरात आल्यानंतरचे काय? खोसला यांचे सोयाबीनचे दूध १९७० च्या दशकात फसले. आज तिवशाच्या शिवारात सोयाबीन डुलते आणि पोत्यांतून कच्चेच बाजार समितीत जाते. तेल, पेंड, दूध यांचा नफा दुसरीकडे मिळतो. तुरीची डाळ, संत्र्याचा रस, सरकीचे तेल, फवारणीचे सुटसुटीत यंत्र, ओलावा मोजणारे उपकरण यांसाठी लागणारी बुद्धी तालुक्यातल्या मुलामुलींत नाही काय? अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. तेथून शिकून निघालेला मुलगा पुण्याची गाडी धरतो, कारण गावात त्याला नोकरी देणारा नाही आणि धंद्यात वाटा घेणाराही नाही. बाप जमीन गहाण टाकील तरच मुलाने धंदा काढावा, हा जुनाच मक्ता झाला.

म्हणून आमची सूचना स्पष्ट आहे. अमरावतीचे व्यापारी, जिनमालक, डॉक्टर, वकील, आणि पुण्या-मुंबईत व परदेशात स्थिरावलेले वऱ्हाडकर यांनी मिळून एक निधी उभारावा. त्यातून तरुणांच्या उद्योगांत आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांत वाटा घ्यावा. अशा कंपन्यांची सोय २००२ च्या कायदादुरुस्तीने झालेलीच आहे, आणि सभासदांपुरते भाग असण्याचे तिचे बंधन पाळूनही भांडवलाची वाट काढता येईल. पण त्याला तीन अटी असाव्यात. पहिली, निधीचा वाटा निम्म्याहून कमी असावा, म्हणजे वाटेकरी उद्या मालक होऊन बसणार नाही. दुसरी, घर आणि शेत यांना कोणत्याही कागदात हात लागू नये. तिसरी, हिशेब दरवर्षी उघडपणे वाचला जावा. ज्याने प्रामाणिकपणे बुडविले त्यास पुन्हा उभे राहण्याची संधी मिळावी, आणि ज्याने लबाडीने बुडविले त्यास मिळू नये. केंद्र सरकारने २०१६ साली नवउद्योगांसाठी १० हजार कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. त्यातला किती तिवशापर्यंत पोचला, हा प्रश्न आमच्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.

हे स्वप्नरंजन आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास चाळावा. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख विलायतेस गेला, बॅरिस्टर आणि डॉक्टर होऊन परतला, आणि १९३२ साली त्याने श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. खेड्यातल्या मुलांवर पैसा लावण्याचे ते साहसच होते, आणि त्याचे पीक आज विदर्भभर उभे आहे. तिवसा तालुक्यातील मोझरीस तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज उभारले, ते गावाच्या बळावर गाव उभे राहावे म्हणूनच. या मातीत विश्वासाची पेरणी पूर्वी झालेली आहे.

सिलिकॉन व्हॅली म्हणजे कोणा देवाने दिलेला वर नव्हे. बुडणाऱ्याबरोबर बुडण्यास तयार असलेल्या पैशाने ती घडविली. वऱ्हाडच्या धनिकांनी आजवर बुडणाऱ्याकडून व्याज घेतले. आता त्यांनी त्याच्या नावेत पाय ठेवावा. नाव पैलतीरी लागली तर दोघांचीही लागेल. आणि न लागली, तर निदान बुडणारा माणूस एकटा नव्हता, एवढे तरी या जिल्ह्याला अभिमानाने सांगता येईल.