‘ओळखता आला नाही’ हीसुद्धा नोंदच

नवी दुर्बीण गळ्यात अडकवून पहिल्यांदा टेकडीवर गेलेल्या माणसाची फजिती ठरलेली असते. झाडात काहीतरी हलते. तो घाईघाईने दुर्बीण डोळ्यांना लावतो, तर समोर नुसती पाने. फांदी सापडेपर्यंत पक्षी उडालेला असतो. दिसलाच, तर चिमणीपेक्षा लहान, मळकट हिरवा आणि एका जागी न ठरणारा. पुस्तक उघडावे, तर त्याच्यासारखेच दिसणारे वटवटे एकाच पानावर पाच-सहा! शेजारची जुनी पक्षीनिरीक्षक मात्र दुर्बीण न उचलता, केवळ आवाजावरून नाव सांगून मोकळी होते. कचेरीत ज्याच्या शब्दाला वजन आहे, अशा पन्नाशीच्या माणसाला हे पचवणे जड जाते.

पण या छंदाचा खरा लाभ इथेच सुरू होतो. मोकळी हवा आणि पायांना चाल मिळते हे तर आहेच. त्याहून मोलाचे म्हणजे प्रौढ वयात पुन्हा पहिलीत बसायला मिळते. १९९९ साली जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी तर्क, व्याकरण अशा विषयांच्या चाचण्या घेतल्या. ज्यांना सर्वांत कमी गुण मिळाले, त्यांनाही आपण सरासरीच्या वर आहोत असेच वाटत होते. चूक ओळखायला जे ज्ञान लागते तेच नसले, तर चूक दिसणार कशी, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. त्यावर पुढे वादही झाले. पण अनुभव बहुतेकांच्या ओळखीचा आहे. टेकडीवर या भ्रमाला फार थारा मिळत नाही. ‘शिक्रा!’ असे कोणी म्हणताच दुसरा विचारतो, ‘कशावरून?’ मग चोच, शेपटी, डोळ्यावरची रेघ, उडण्याची ढब, सगळे सांगावे लागते. सांगता आले नाही, तर आपण पाहिले कमी आणि गृहीत धरले जास्त, हे कोणी न बोलताही कळते.

कौशल्य येते ते याच प्रश्नातून, आणि सावकाश. २००० साली इझाबेल गोथिए आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या पक्षीनिरीक्षकांच्या मेंदूचे स्कॅन केले. पक्ष्यांची चित्रे पाहताना त्यांच्या मेंदूतला, चेहरे ओळखण्याशी जोडलेला भाग अधिक सक्रिय झालेला आढळला. त्याचा नेमका अर्थ काय, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तरी टेकडीवरचा अनुभव त्याच्याशी जुळतो. गर्दीत आपण घरच्या माणसाला पाठमोरे असतानाही ओळखतो, तसा जाणकाराला दयाळ किंवा नाचण ओळखू येतो. ही ओळख शेकडो सकाळींची असते.

नम्रता सुटली की काय होते, याचा धडा महाराष्ट्राच्याच मातीत आहे. रानपिंगळा हे मध्य भारतातल्या रानांतले छोटे घुबड. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. रिचर्ड माइनर्टझहागेन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाने मात्र १९१४ साली गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता. त्यावर विसंबून शोध घेतले गेले आणि ते वाया गेले. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले जुने नमुने बारकाईने तपासले, तेव्हा तो नमुना दुसऱ्याचा, चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे उघड झाले. त्यांनी खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत पाहिला, ११३ वर्षांनी! बड्या नावाच्या एका खोट्या नोंदीने पक्ष्याचा माग चुकवला होता.

आज हा धोका वेगळ्या रूपात आहे. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, तो ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर. यांतले बहुतेक हौशी लोक. कोणती जात घटते आहे, कुठे लक्ष द्यायला हवे, हे त्यांच्या प्रामाणिकपणावर ठरते. यादी लांब दिसावी म्हणून अंदाजाने लिहिलेले नाव ही निरुपद्रवी हौस राहत नाही.

आता मोबाइलवरचे अ‍ॅप आवाज ऐकून नाव सुचवते, मग डोळे शिणवायचे कशाला, असे कोणी म्हणेल. अ‍ॅप नवख्याला वाट दाखवते, हे खरे. पण ते चुकतेही, आणि ते चुकले हे समजायला पक्षी स्वतः पाहिलेला असावा लागतो. पाहिल्यानंतरही खात्री नसेल, तर नोंदीच्या प्रणालीत नुसते ‘वटवट्या, जात अनिश्चित’ असे लिहिण्याची सोय असते. ती सोय वापरण्यात कमीपणा नाही. मुंबईतल्या लहानग्या सालिम अलींनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. शिकारीत मुरलेल्या मामांनाही ती ओळखता आली नाही. त्यांनी तसे कबूल केले आणि भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. ‘मला माहीत नाही’ या वाक्यातून भारतातल्या पक्षिशास्त्राला त्याचा सर्वांत मोठा अभ्यासक मिळाला.

सुरुवातीला महागडी दुर्बीणही लागत नाही. घराजवळचे एक झाड, सकाळचा अर्धा तास आणि एक वही पुरे. वहीत ओळखलेल्या पक्ष्यांची नावे लिहावीत, तशी न ओळखलेल्यांची वर्णनेही. वर्षभराने पाने उलटली, तर आपण किती शिकलो याचा हिशेब त्या वर्णनांतच सापडेल.