चांदोलीच्या आधी शेरीनाला

कृष्णा नासली, तेव्हा वारणेवरच्या चांदोली धरणातून थेट पाणी आणा, ही सांगलीतली जुनी मागणी. ती अगदीच पोकळ नाही. कोल्हापूरकरांनी काळम्मावाडीची थेट पाइपलाइन रखडत का होईना, 2023 मध्ये पूर्ण करून दाखवली. पण या मागणीमागे एक गृहीत आहे: पिण्याचे पाणी हा तातडीचा प्रश्न, सांडपाणी सवडीचा. सांगलीत हे प्रश्न वेगळे कधी नव्हतेच. शहराचे सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्याचे पाणी उपसून धुळगावच्या शेतीला न्यायची योजना झाली, तरी उपसा थांबला की नाल्याला कृष्णेशिवाय वाट नाही. उन्हाळ्यात विसर्ग घटला की मैला विरळ करण्याइतके पाणीही नदीत उरत नाही. त्यातली सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते आणि शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन टिकवणे जिकिरीचे होते.

पावसाळ्यात उलटी तऱ्हा. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे कोसळायचा पाऊसही वाढतो. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले, 2021 मध्ये पुन्हा महापूर आला. उंचावरच्या विश्रामबागेला वाटते, पूर गावभागाचा. पण नदीकाठची जॅकवेल बुडाली की कोरडा पडणारा नळ उंच-सखल पाहत नाही.

‘म्हणूनच तर चांदोली हवी,’ असे कोणी म्हणेल. पण ते पाणीही याच जुन्या वाहिन्यांतून येणार. ठरावीक वेळी पाणी सोडले की उरलेल्या वेळी रिकामा पाइप गळतीतून शेजारच्या गटाराचे पाणी ओढतो. मिरजेत 2014 मध्ये गॅस्ट्रोने माणसे दगावली, ती काही धरण दूर नव्हते म्हणून नव्हे. इचलकरंजीने पंचगंगा सोडून कृष्णा धरली, मग दानोळीला वारणा आणि सुळकूडला दूधगंगा मागितली. दोन्हीकडे गावे आडवी आली. आपली नदी घाण करून आमची मागता, या सवालाला सांगलीकडे तरी काय उत्तर आहे? बंगल्यातला आरओही उपाय नव्हे. तो एका स्वयंपाकघराचे भागवतो, नाक्यावरच्या चहागाडीचे आणि बांधकामावरच्या मजुराचे नाही.

सांडपाण्याच्या पंपांचे वीजबिल महापालिकेला झेपत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणून तर पैशाचा क्रम ठरवायला हवा: आधी शेरीनाल्याच्या पंपांना पर्यायी वीज, जॅकवेलच्या मोटारी आणि वीजपॅनेल 2019 च्या पूररेषेवर, गटाराला खेटून गेलेल्या वाहिन्यांची बदली, चांदोली त्यानंतर. शुद्ध केलेले सांडपाणी शेतीला, कुपवाडच्या कारखान्यांना विकता येते, त्यातून बिलाचा काही भाग निघेल. क्रम उलटा लावला तर चांदोलीचे पाणीही वापरून झाल्यावर मैला होऊन कृष्णेतच उतरेल. विश्रामबाग सुटेल, खालच्या अंगाला म्हैसाळची उपसा योजना तेच पाणी उचलून जतच्या दुष्काळी गावांकडे नेत राहील.