आधी फण, मग बकेट



शाळूची काढणी उरकली आणि ऊन तापू लागले की माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या तालुक्यांतल्या बैठकांत एकच विचारणा होते. माळ फोडायचा आहे, शेततळे खणायचे आहे, फुटलेल्या ताली घालायच्या आहेत. छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवून घेतला तर भागेल का? द्राक्ष-डाळिंबाच्या अरुंद ओळींसाठी आलेले वीस-पंचवीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर आता जोंधळ्या-कापसाच्या रानातही फिरू लागले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर कमी झाला हे चांगलेच झाले. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एक हिशेब सर्वांनी मांडावा, म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: छोट्या ट्रॅक्टरचा लोडर हे माती उचलण्याचे साधन आहे, कठीण माती फोडण्याचे नाही. फोडण्याचे काम फणाचे, उचलण्याचे काम बकेटचे. हा क्रम जो उलटा करील त्याचा ट्रॅक्टरही मोडेल आणि तोही मोडेल.

लोखंडाची भीती आणि लोखंडाची भूल

कठीण जमीन आणि लोखंड यांचे नाते या मुलखाला नवे नाही. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते असा समज होता. पुढे हरळी-कुंदाने भरलेली काळी रान याच नांगराने उलटली आणि समज गेला. तो नांगर चालला तो केवळ लोखंडाचा होता म्हणून नव्हे. त्याचा फाळ जमिनीत शिरेल असा होता आणि तो ओढायला पुरेशा बैलजोड्या जुंपल्या जात होत्या. औजाराचा आकार आणि ओढणाऱ्याची ताकद यांचा मेळ बसला. आज लोखंडाची भीती उरली नाही, उलट भूल पडली आहे. यंत्र म्हटले की ते सगळे करील असे आपण धरून चालतो.

बकेट का अडते?

लोडरची बकेट मातीत शिरते ती मागच्या चाकांच्या रेट्यावर. टन-दीड टनाच्या ट्रॅक्टरला रेटा तो किती असणार? समोर सैल ढीग असेल तर बकेट भरते. समोर उन्हाने वाळलेली काळी किंवा घट्ट मुरूम असेल तर मागची चाके जागेवर फिरतात, नाहीतर सगळा भार पुढच्या आसावर जातो. आणि पुढचा आस हा अशा ट्रॅक्टरचा सर्वांत नाजूक भाग. त्यात दर मिनिटाला पुढे-मागे करून क्लच जळतो तो वेगळाच.

ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो त्याची गोष्ट निराळी आहे. ते यंत्र साडेसात टनांच्या आसपास वजनाचे असते. खणताना ते आपले पाय जमिनीला टेकवते आणि मागच्या हाताने, तेलाच्या दाबावर ओरबाडते. चाकांच्या पकडीवर ते अवलंबून नसते. छोट्या ट्रॅक्टरला बकेट लावली म्हणून तो जेसीबी होत नाही. बैलाला झूल घातली म्हणून तो हत्ती होत नाही, तसेच हे.

जमीन ओळखा

कठीण जमीन म्हणून एकच जात नाही. खोल काळी उन्हाळ्यात स्वतःच भेगाळते. त्या भेगा फुकटची नांगरट आहे, तिथे डिझेल जाळून फार काही पदरात पडत नाही. दुसरी कठीण जमीन आपण स्वतः तयार केलेली. दरवर्षी एकाच खोलीची नांगरट आणि वरून चाकांचा दाब, यामुळे वितीभर खाली घट्ट थर बसतो. कापसाचे सोटमूळ तिथे वाकडे होते आणि पाऊस खाली मुरायचा तो उतारावरून निघून जातो. हा थर सब-सॉयलरने, म्हणजे एकाच लांब फणाने फोडावा. तेही माती वाळलेली असताना, शाळू निघाल्यापासून मेपर्यंत. ओल्या मातीत फण नुसती चीर पाडतो, थर तडकत नाही. पूर्ण दीड फूट खोलीला ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. एवढ्या कामासाठी तो भाड्याने आणावा.

तिसरी जमीन म्हणजे बरड: वर वितीभर माती, खाली मुरूम. मऊ मुरूम फणाने उकलतो, मग बकेटने उचलता येतो. त्याखाली काळा पाषाण लागला की फणाचेही काम संपले आणि बकेटचेही. तिथे ब्रेकर किंवा सुरुंग लागतो. म्हणून आधी पहारीने चार ठिकाणी खड्डे घेऊन खाली काय आहे ते पाहा. अर्ध्या दिवसाची ही मेहनत हजारो रुपये वाचवते.

चौदा हजार फेऱ्या

आता शेततळ्याचा हिशेब. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले मोठ्यात मोठे माप ३० बाय ३० बाय ३ मीटर होते. बाजूंना एकास एक उतार दिला तर खड्डा भरतो सुमारे २,२०० घनमीटर. माती खणली की फुगते. तीस टक्के फुगवटा धरला तर उचलायची सैल माती झाली २,८६० घनमीटर. छोट्या लोडरच्या बकेटमध्ये ०.२ घनमीटर माती बसते असे धरा. म्हणजे १४,३०० फेऱ्या! फेरीला दीड मिनिट लागले तरी साडेतीनशे तासांच्या वर, रोज आठ तास चालवून दीड महिना. तासाला तीन लिटर डिझेल धरले तरी हजार लिटर जळाले. मऊ मुरूम असेल तर मोठे पोकलेन हाच खड्डा चार-पाच दिवसांत काढते. एवढे मोठे काम मोठ्या यंत्रालाच द्यावे, हे यावरून उघड आहे.

आणि याच हिशेबाची दुसरी बाजू सरकारने पाहावी. २,२०० घनमीटर म्हणजे सुमारे ७७७ ब्रास. त्या योजनेत कमाल अनुदान होते ५०,००० रुपये, म्हणजे ब्रासमागे ६४ रुपये! ६४ रुपयांत मुरमाचा एक ब्रास खणून, उचलून, बांधावर टाकून देणारे यंत्र कोणते, ते योजना आखणाऱ्यांनी दाखवावे. अनुदानाचा गाजावाजा झाला, वरचा खर्च शेतकऱ्याच्या उधारीत गेला.

तास मोजू नका, ब्रास मोजा

मोठे यंत्र भाड्याने आणताना सौदा तासावर होतो आणि तिथेच आपण फसतो. यंत्र नुसते उभे राहून धूर काढते तेव्हाही तास चालूच असतो. जिथे जमेल तिथे सौदा ब्रासवर करा आणि मोजमाप खड्ड्यात करा, ट्रॉलीत नको. खड्ड्यातले ७७७ ब्रास ट्रॉलीत हजाराच्या वर भरतात. सव्वादोनशे ब्रासचे भाडे नुसत्या हवेचे द्यावे लागेल. वरची काळी माती मात्र आधी वेगळी काढून घ्या आणि रानात पसरा. मुरमाखाली गाडलेली माती पुन्हा हाती लागत नाही.

लोडरचे खरे काम

मग छोटा लोडर निकामी का? मुळीच नाही. तलावातला वाळलेला गाळ, शेणखताचा उकिरडा, फणाने उकललेला मुरूम, ढासळलेल्या तालीची माती, ही सगळी कामे त्याचीच. एका गुंठ्यावर एक ब्रास गाळ पसरला तर इंचाहून थोडा जास्त थर बसतो. एकराला चाळीस ब्रास. बरडावर एवढ्या गाळाने ओल जास्त दिवस धरते. पावसाळ्याच्या तोंडाला शाळूच्या रानात पाणी अडवायला वाफे बांधायचे, तर तिथेही छोटे यंत्र पुरते. एका एकरावर पडणारा एक इंच पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या मुलखात ते शिवाराबाहेर जाऊ देणे परवडत नाही.

काम करताना चार गोष्टी पाळा. मागे वजन बांधल्याशिवाय लोडर भरू नका. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच चाला. उताराला आडवे जाऊ नका. आणि काठाखालची माती पोखरून वरचा कडा लोंबता ठेवू नका, तो केव्हा कोसळेल याचा नेम नसतो.

यंत्र कुणाचे?

शेवटचा मुद्दा सर्वांत मोठा. पाच-सहा एकर कोरडवाहूच्या धन्याने एकट्याने ट्रॅक्टर आणि लोडर घेतला, तर वर्षातले बहुतेक दिवस तो दारात उभा राहतो आणि व्याज मात्र रोज चालते. जोंधळ्याच्या भावात तो हप्ता निघत नाही. म्हणून दहा-वीस घरांनी मिळून एक ट्रॅक्टर, एक लोडर आणि फण घ्यावेत. तासांची वही ठेवावी आणि दुरुस्तीचा पैसा आधी बाजूला काढावा. गावात ज्यांना जमीन नाही, त्यांना चालक आणि भागीदार म्हणून आत घ्यावे, कारण त्यांच्या कुदळ-घमेल्याचे काम हेच यंत्र घेणार आहे. हे स्वप्नरंजन नाही. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण उभे केले, तेव्हा भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा देण्याचे ठरवले होते. पाण्यात वाटा देता येतो, तर यंत्रात का नाही?

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे लिहून आणावेत: गावात किती ट्रॅक्टर आहेत, प्रत्येक ट्रॅक्टर गेल्या वर्षी किती तास चालला आणि त्यावर किती कर्ज बाकी आहे. हे आकडे फळ्यावर मांडू आणि मगच ठरवू, नवा ट्रॅक्टर घ्यायचा की दारात उभा असलेलाच कामाला लावायचा.