राखण करणाऱ्यांची रात्र

आज नाताळ. घरोघरी चांदणीचे कंदील लागले आहेत, करंज्यांचे व केकचे डबे भरले आहेत आणि मध्यरात्रीच्या उपासनेला अनेक देवळांत उभे राहावयासही जागा उरली नसेल. या आनंदात उणे काढण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांना वर्षभर देऊळ आठवले नाही त्यांची पावले या एका रात्री तरी तिकडे वळतात, हीही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्या रात्रीचे स्मरण आपण करतो, त्या रात्री खरोखर जागे कोण होते, हा प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो.

लूकच्या शुभवर्तमानात त्याचे उत्तर आहे. जागे होते ते मेंढपाळ. ते काही प्रार्थनेसाठी जागरण करीत नव्हते. रात्रीच्या राखणीची त्यांची पाळी होती. आपल्याकडे सुगीनंतर धनगरांचे कळप शेतांतून बसतात, तेव्हा एखादा माणूस घोंगडे पांघरून, कुत्र्याला जवळ घेऊन रात्र काढीत असतो. त्याला लांडग्याचे भय असते आणि काम नेमून दिलेले असते, इतकेच. बेथलेहेमच्या माळावरची माणसे अशीच होती. देवदूताला ती आपल्या कामावर सापडली.

याच्याशेजारी मत्तयाने सांगितलेली हकीकत ठेवून पाहावी. पूर्वेकडून आलेले मागी लोक यरुशलेमात चौकशी करू लागले, तेव्हा हेरोदाने मुख्य याजकांना व शास्त्र्यांना पाचारण केले. ख्रिस्त कोठे जन्मावयाचा, हे त्यांनी संदेष्ट्याच्या वचनाचा आधार देऊन बिनचूक सांगितले. यरुशलेमाहून बेथलेहेम अवघे तीनएक कोस. दूरदेशीचे प्रवासी पुढे गेले. वचन तोंडपाठ असलेल्यांपैकी कोणी त्यांच्यासोबत निघाल्याचे मात्र मत्तय सांगत नाही. धर्माच्या माणसाला लागणारी झोप बहुधा अशीच असते. ती अज्ञानाची नसते, सवयीची असते.

नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात जागृतीचा उपदेश आपण ऐकलाच असेल. दहा कुमारींचा दाखला तर सर्वांच्या परिचयाचा. पण त्यावरील प्रवचनांत मूर्ख कुमारींच्या झोपेवरच बोट ठेवले जाते. वास्तविक वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना झोप लागली होती! फरक होता तो तेलाचा, आणि तेल आधीच भरून ठेवावयाचे असते. ऐनवेळी ते उसने मिळत नाही. पणजोबांनी गावाचा बहिष्कार सोसून पत्करलेला विश्वास आपल्याला बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर आपोआप मिळाला, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांची भिस्त दुसऱ्याच्या तेलावर आहे, असे आम्हांस वाटते.

हे तेल देवळात थोडे आणि घरात, बाजारात, कचेरीत अधिक भरावे लागते. प्रभुभोजनात एकाच भाकरीचे वाटेकरी होणारी कुटुंबे सोयरीक जुळविताना पूर्वजांची जात हळूच विचारून घेतात. मंडळीच्या मिळकतीवरून एका बाकावर बसणारे बंधू कोर्टाच्या पायऱ्या चढतात आणि रविवारी पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतात. संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेची वेळ मोबाइलने कधी गिळली, हे घरातल्या कोणालाच आठवत नाही. यांपैकी कोणी एका दिवसात विश्वास टाकलेला नसतो. पेत्राने प्रभूला नाकारले ते अंगणातील शेकोटीपाशी; पण त्याच रात्री, त्यापूर्वी, तो गेथशेमानेच्या बागेत झोपला होता.

याउलट उदाहरण पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाई म्हटले की केडगावचे मुक्तिसदन आणि दुष्काळातून वाचविलेल्या मुली आठवतात. आम्हांस मात्र त्यांच्या अखेरच्या वर्षांतील काम अधिक अवघड वाटते. अल्पशिक्षित बायाबापड्यांनाही समजावे अशा सोप्या मराठीत बायबल द्यावे, म्हणून त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षे भाषांतर केले. मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी ते छापले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमाबाई निवर्तल्या, तरी रमाबाईंनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या; संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. दुष्काळात धावून जाणाऱ्याला लोकांचे डोळे आधार देतात. शब्दामागून शब्द तपासीत बसणाऱ्याकडे कोण पाहते? तेथे माणूस एकटा असतो, आणि त्याची निष्ठा तेथेच कळते.

मेंढपाळांविषयी लूक शेवटी एवढेच सांगतो, की ते देवाचा गौरव करीत परत गेले. परत म्हणजे राखणीला, कळपाकडे, असेच आम्ही समजतो. पुढे त्यांचा उल्लेख नाही. आपल्या दारचे कंदील आणखी काही दिवस राहतील; भांडी घासावयास येणारी बाई उद्या सकाळी येईल, आणि तिचा या महिन्याचा हिशेब अजून व्हावयाचा असेल.