संमती प्रत्येक दृश्याची

काशीद, नागाव किंवा मुरूडच्या किनाऱ्यावर चित्रीकरणाचे युनिट उतरते तेव्हा जागेचे भाडे ठरते, पोलिसांची परवानगी येते, गाड्या कुठे लावायच्या तेही ठरते. ज्यांच्यावर कॅमेरा रोखला जाणार, त्यांच्या संमतीचा विषय मात्र ‘कामाला हो म्हणालात ना?’ एवढ्यावर मिटवला जातो. कामाला दिलेला होकार म्हणजे अंगाला लागणाऱ्या प्रत्येक हाताला दिलेला होकार नव्हे.

कथेत अलिबागचा बंगला असलेल्या ‘गहराइयाँ’ (२०२२) या चित्रपटात जवळिकीच्या दृश्यांसाठी दार गाय या दिग्दर्शिकेची खास नेमणूक झाली होती. अशा कामाची पद्धत साधी आहे. हात कुठे जाईल, कुठे जाणार नाही, सेटवर किती माणसे थांबतील, हे कलाकाराशी बोलून आधीच ठरते. ठरल्यानंतरही त्या दिवशी नको वाटले, तर नकार देता येतो. मोठ्या नटनट्यांना मिळणारी ही काळजी रोजावर आलेल्या गर्दीतल्या मुलीलाही मिळायला हवी. तिचा नकार जास्त महाग असतो, कारण उद्याचे काम त्यावरच तुटते.

स्मिता पाटील यांच्या ‘चक्र’चे उदाहरण जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. झोपडपट्टीतल्या बाईची उघड्यावरची आंघोळ ही कथेची गरज, म्हणून त्यांनी ते दृश्य केले. पुढे जाहिरातीच्या फलकांवर तेच झळकले आणि त्याचा त्यांना मनस्वी त्रास झाला. दृश्यापुरती दिलेली संमती पोस्टरपर्यंत ताणली गेली होती. आज उघड्या किनाऱ्यावर शंभर मोबाइल तेच करतात आणि युनिट त्यांना अडवत नाही.

मुलांबाबत कायद्याने संदिग्धता ठेवलेली नाही. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार, ज्या जिल्ह्यात चित्रीकरण त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची आहे. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त नाही. मिळकतीतला किमान २० टक्के वाटा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामाला जुंपता येत नाही. आईबापांनी मान डोलावली म्हणून भागत नाही. या किनाऱ्यांच्या रायगड जिल्ह्यापुरता हा अधिकारी अलिबागमध्ये बसतो. कोळीवाड्यातली चार पोरे ‘गर्दीसाठी’ बोलावली, तरी नियम हाच.

केरळमधल्या चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीवरचा न्या. हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झाला. त्यातल्या छळाच्या गोष्टींनी देश हादरला, पण बाह्यचित्रीकरणात बायकांना स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, हे त्यातले वास्तवही तितकेच लाजिरवाणे आहे. आमच्या किनाऱ्यावर तो आडोसा सुरूच्या बनाचा, एवढाच फरक पडू नये.

लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्याने कामानिमित्त जिथे जावे लागते ती जागाही कामाचे ठिकाण मानली आहे. म्हणजे वाळूवरचा सेट आणि नाटकाच्या दौऱ्यातली गाडीही त्यात आली. दहापेक्षा कमी माणसांच्या संस्थेला अंतर्गत समिती नसली, तर जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार ऐकते. तक्रारीची मुदत मात्र तीन महिन्यांची, आणि युनिट आठवड्यात गाशा गुंडाळते. त्या समितीचा पत्ता आणि फोन पहिल्याच दिवशी सेटवर मराठीत लावण्याची अट जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगीतच घालावी. कलेच्या स्वातंत्र्यावर त्याने गदा येत नाही; ज्याला येते असे वाटते, त्याच्या हाती परवानगी देऊच नये.

ग्रामपंचायतींनीही नुसती भाड्याची पावती फाडू नये. मुलांचे परवानगीपत्र दाखवा आणि बायकांनी कपडे कुठे बदलायचे ते दाखवा, एवढे निर्मात्याला विचारावे. उत्तर मिळेपर्यंत कॅमेरा वाळूवर उतरू देऊ नये.