ब्लूज हे रडगाणं नव्हे, साहेब!

मागच्या पावसाळ्यात मला एका माणसानं गप्प केलं. मी तोंड उघडलंच नव्हतं. माझा पाय हलत होता.

दादरचा एक हॉल. एसी चालू, गाद्यांच्या खुर्च्या, तीसेक रसिक डोळे मिटून बसलेले. कपाटाएवढ्या स्पीकरांवर मडी वॉटर्स. आता मडी वॉटर्स लागल्यावर माणसाचा पाय हलणार नाय तर काय खुर्चीचा हलणार? शेजारच्या सद्गृहस्थांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला. चहाच्या वेळी समजावूनही सांगितलं, की ब्लूज म्हणजे एका पीडित समाजाची वेदना आहे, ती शांतपणे आत झिरपू द्यायची असते.

पीडित समाजाची वेदना. हे कुणाला सांगतोय? मला!

तेव्हा दोस्तांनो, हे जे काय लिहितोय ते त्या गुडघ्यासाठी.

मी त्या हॉलात पोचलो तो दुरुस्तीच्या धंद्यामुळं. कुर्ल्याला माझी मोबाईल-स्पीकर दुरुस्तीची टपरी आहे. एका गिऱ्हाइकाचा स्पीकर आला, पेनड्राइव्ह त्यातच अडकून राहिलेला. वायर जोडली, टेस्टिंगला बटण दाबलं. एक गिटार आणि एक आवाज. मागं बँड नाही, कायच नाही. शब्द एक कळेना. पण ओळ एकदा म्हटली, परत तीच म्हटली, आणि तिसरीनं दोघींना उत्तर दिलं. आवाज थांबला की गिटार बोलायची, कोरसवाल्यानं ओळ उचलावी तशी. आमचा बाप टपरीवर बसला होता. दिवसा महापालिकेचा झाडू आणि रात्री गायनपार्टीची ढोलकी, असं बत्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यानं दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "हा पण सोमवारी कामावर जाणारा दिसतोय."

बापाला इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही. पण हॉलातल्या तीस जणांना जे कळलं नाही ते त्याला कळलं.

ते रेकॉर्डिंग ऑगस्ट 1941 चं. मिसिसिपीतल्या स्टोव्हल मळ्यावरचं. गाणारा मॅककिन्ली मॉर्गनफिल्ड, म्हंजे मडी वॉटर्स, त्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. सरकारी लायब्ररीचा गोरा माणूस, ॲलन लोमॅक्स, यंत्र घेऊन दारात आला तेव्हा याला वाटलं दारूची धाड पडली. कारण शनिवारी रात्री याच्याच घरात चोरटी दारू, जुगार, नाच आणि गाणं चालायचं. लोक पाय आपटायचे, घामाघूम व्हायचे, एकमेकांच्या अंगावर रेलायचे. हे गाणं त्यासाठी बनलेलं होतं. आत झिरपवायला नाही. आठवडाभर जे अंग मालकाचं होतं ते एक रात्र आपलं करून घ्यायला.

मालकाचं म्हंजे कसं, तेही बघा. गुलामी 1865 ला कायद्यानं गेली. मग आली वाट्याची शेती. जमीन मालकाची, बियाणं मालकाकडून उधार, किराणा मालकाच्याच दुकानातून, आणि वर्षाखेर हिशेब करणारा पुन्हा मालकच. कापूस किती झाला, उधारी किती, हे तो सांगेल ते. बहुतेकांच्या नावावर कर्जच निघायचं. सालगड्याच्या पोराला हे समजावून सांगायला नको. मडी वॉटर्सनं 1943 ला तासाचे 22.5 सेंटचे 25 मागितले. मुकादमानं नाही म्हटलं. याने बॅग उचलली आणि शिकागोची गाडी पकडली. तिथं कारखान्यात काम केलं, ट्रक चालवला, गिटारला वीज लावली. शहराच्या गोंगाटात साध्या गिटारीचा आवाज पोचत नव्हता ना! आज जगभर जे रॉक म्हणून वाजतं त्याच्या पायात ही अडीच सेंटची मारामारी आहे.

आणि वाद्य म्हणाल तर गिटार ही पुढची गोष्ट. तिकडची पोरं आधी झाडूला बांधलेली तार सोडवायची, घराच्या भिंतीला दोन खिळ्यांवर ताणायची, खाली बाटली अडकवायची आणि वाजवायची. एकच तार. डिडली बो म्हणतात त्याला. हे वाचलं तेव्हा बापाला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "म्हंजे तुणतुणंच की. आणि झाडू पण आपलाच."

आता आपल्यातल्या लोकांकडं वळतो, कारण गुडघा दाबणारे फक्त दादरच्या हॉलात नसतात. आमच्या गटातला एक कार्यकर्ता, माणूस सच्चा आहे, मोर्चात पुढं असतो, तो मला म्हणाला, "ही काय गाणी? बाई सोडून गेली, रेल्वे आली, दारू प्यायलो. यात क्रांती कुठंय?"

मित्रा, नीट ऐक. गुलामीत काळ्या माणसाला दोन गोष्टी करता येत नव्हत्या. आपल्या मनानं गाव सोडता येत नव्हतं आणि आपल्या मनानं माणूस निवडता येत नव्हता. बायको विकली जायची, नवरा विकला जायचा, पोरं कुणाची तर मालकाची. गुलामी गेली तरी जमीन मिळाली नाही. 1865 च्या मिसिसिपीतल्या कायद्यानं तर नोकरीचा कागद नसलेल्या काळ्याला भटक्या ठरवून पकडता यायचं. म्हणून त्या माणसांच्या हातात खरंखुरं जे स्वातंत्र्य आलं ते एवढंच, की पाय उचलता येतो आणि प्रेम करता येतं. म्हणून ब्लूजमध्ये रेल्वे आहे. म्हणून ब्लूजमध्ये अंथरूण आहे. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. अँजेला डेव्हिसनं 1998 च्या पुस्तकात मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्या गाण्यांवरून हे मांडलंय. तीच अँजेला, जिचे पोस्टर आपण भिंतीला लावतो. मा रेनीनं तर 1928 मध्ये बाईवर प्रेम करणाऱ्या बाईचं गाणं बिनधास्त रेकॉर्ड केलं. 1928!

आणि प्रेमात राजकारण नाही असं ज्याला वाटतं त्यानं 1936 चं 'जातिनिर्मूलन' पुन्हा उघडावं. बाबासाहेबांनी जातीवरचा खरा उपाय कुठला सांगितला? रोटी नाही, बेटी. एप्रिल 2014 मध्ये खर्ड्याला शाळकरी पोराला मारून टाकलं, कारण काय तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो हा संशय. 2017 मध्ये आरोपी सुटले. आता सांग, प्रेमाचं गाणं मवाळ कसं?

गाणं मोठ्यानं वाजणं ही तरी साधी गोष्ट आहे का? मे 2015, शिर्डी. नर्सिंग शिकणारा आपला पोरगा दुकानात बसलेला, मोबाईल वाजला. रिंगटोन भीमाची. त्याचा जीव गेला. मी दिवसाला दहा-वीस फोन दुरुस्त करतो. स्पीकर बदलला की एकदा रिंग वाजवून बघावी लागते. बघा म्हंजे, माझ्या धंद्यातली शेवटची पायरीच ती आहे.

1972 ला आपण ओकलंडच्या ब्लॅक पँथरांकडून नाव घेतलं. चांगलं केलं. पण त्या पँथरांचा स्वतःचा बँड होता, 1970 मध्ये, नाव 'द लुम्पेन', आणि त्याच्या तालावर लोक नाचायचे, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. आपण मूठ घेतली, कंबर तिकडंच ठेवली.

आता पैशाचं. हॉलातले रसिक याबद्दल बोलत नाहीत, त्यांना वेदना पुरते.

एलिझाबेथ कॉटन घ्या. जन्म 1893, नॉर्थ कॅरोलिना. पोरवयात लोकांच्या घरी काम करून जमवलेल्या पैशातून गिटार घेतली. डावखुरी होती, म्हणून गिटार उलटी धरून वाजवायची. पोरवयातच मालगाडीवर गाणं केलं. मग लग्न, मुलगी, चर्च, घरकाम, गिटार सुटली. म्हातारपणाकडं झुकल्यावर सीगर नावाच्या गाणाऱ्या घरात मोलकरीण लागली, आणि भिंतीवरची गिटार बघून हात परत चालू झाला. तिचं गाणं घरातल्या मुलीबरोबर इंग्लंडला गेलं आणि 1957 मध्ये तिथं गाजलं, वर नाव दुसऱ्याच दोघांचं! आपलं नाव लावून घ्यायला तिला झगडावं लागलं. पहिला अल्बम 1958 ला, वयाच्या पासष्टीत. ग्रॅमी 1985 ला, नव्वदी उलटल्यावर. बिग मामा थॉर्नटननं 'हाउंड डॉग' 1952 ला रेकॉर्ड केलं, एल्विसनं 1956 ला. कोण कोट्यधीश झालं ते सांगायला नको. बेसी स्मिथ 1937 ला गेली, तिच्या कबरीवर दगड बसला 1970 ला.

पण माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं ते जॉन वर्कवरून. 1941 ला लोमॅक्सबरोबर स्टोव्हलला आणखी एक माणूस होता. फिस्क विद्यापीठाचा काळा संगीततज्ज्ञ. पाहणीची कल्पना त्याची, गाण्यांचं नोटेशन त्याचं, सोबत त्याचे काळे सहकारी. हस्तलिखित तयार केलं आणि ते गहाळ झालं. लोमॅक्सचं पुस्तक 1993 ला आलं, गाजलं, वर्कला त्यात जेमतेम जागा. वर्क तर 1967 लाच मेला होता. ते हस्तलिखित पुढं लोमॅक्सच्याच कागदपत्रांत सापडलं आणि 2005 मध्ये छापलं गेलं. चौसष्ट वर्षं!

आमच्या बापाची पण एक कॅसेट आहे. पार्टीच्या सगळ्यांना मिळून एकदाच पैसे दिले आणि मुखपृष्ठावर नाव फक्त कंपनीचं. ढोलकी कुणाची, कुठंच नाही. चैत्यभूमीला 6 डिसेंबरला तो स्टॉलसमोर उभा राहून स्वतःची ढोलकी विकत घेऊन आला होता, पूर्ण पैसे मोजून. सांगताना हसतो. मला अजून हसायला जमलेलं नाही.

स्पीकरवाल्या गिऱ्हाइकाचा परवा निरोप आला, पुढचं सत्र अमक्या तारखेला, वेळेवर या. मी कळवलं, शनिवारी टपरी बंद झाल्यावर आमच्या गल्लीत लावतोय, तुम्हीच या. सुरुवात एलिझाबेथ कॉटनपासून, मग मडी वॉटर्स, मग बापाची कॅसेट. आवाज मोठा असेल, खुर्च्या नसतील. बापाला म्हटलं ढोलकी आण. तो म्हणतो, "आधी त्या बाईची उलटी गिटार ऐकू दे. मग बघू, कुठं शिरायचं ते."