स्लॅगचे सिमेंट : ना कचरा, ना अमृत





स्लॅग सिमेंटबद्दल आपल्या लोकांत दोन समजुती घट्ट रुजल्या आहेत. पहिली अशी, की ते लोखंडाच्या भट्टीतल्या कचऱ्याचे सिमेंट आहे, तेव्हा आपल्या घराला नको. दुसरी अशी, की ते कचऱ्यापासून बनते म्हणून 'शून्य कार्बन' आहे, तेव्हा पृथ्वी वाचवायला तेच हवे. पहिली समजूत फ्लॅट घेणाऱ्यांची, दुसरी शेअर घेणाऱ्यांची. आपल्यापैकी बरेच जण दोन्ही घेतात, त्यामुळे एकाच डोक्यात दोन्ही समजुती गुण्यागोविंदाने नांदतात! माझे म्हणणे असे की दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दोन्हींची किंमत मोजणारे लोक वेगळेच आहेत.

माझी डॉक्टरेट मटेरियल्स सायन्समधली. बहरीनमध्ये माझे रोजचे काम म्हणजे खाऱ्या हवेत आणि खाऱ्या जमिनीत काँक्रीट किती वर्षे टिकते हे तपासणे. त्यामुळे या विषयावर गप्प बसणे मला जड जाते.

भट्टीत नेमके काय होते

लोहखनिजात लोखंडाबरोबर सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतात. कोकमध्ये राख असते. हे सगळे वेगळे काढायला झोतभट्टीत (ब्लास्ट फर्नेसमध्ये) चुनखडी टाकतात. चुना, सिलिका आणि अ‍ॅल्युमिना एकत्र वितळून लोखंडावर तरंगतात. हीच धातुमळी, म्हणजे स्लॅग. एक टन लोखंडामागे साधारण ३०० किलो स्लॅग निघते. आपल्या खनिजात अ‍ॅल्युमिना जास्त, म्हणून भारतात थोडी अधिकच.

भट्टीतून ती निघते तेव्हा तिचे तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सावकाश थंड होऊ दिली तर तिचे स्फटिक बनतात आणि हाती खडी येते, जी रस्त्याखाली घालण्यापलीकडे फारशा कामाची नसते. पण तिच्यावर जोराने पाण्याचा मारा केला तर स्फटिक बनायला वेळच मिळत नाही आणि वाळूसारखी काच तयार होते. ही काच बारीक दळून थोड्या सिमेंटबरोबर भिजवली की घट्ट होते. हा गुण जर्मनीत एमिल लांगेन यांनी १८६२ मध्ये दाखवून दिला. म्हणजे स्लॅग सिमेंट हे काही कालपरवाचे फॅड नव्हे. भारतात त्याला आयएस ४५५ हे मानक आहे आणि त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग चालते.

'शुद्ध' सिमेंटचे खूळ

मुंबईच्या उपनगरातल्या आमच्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाची ऑनलाइन सभा होती. अमेरिका, सिंगापूर, दुबई, सगळीकडून सभासद हजर. सल्लागाराने पायासाठी स्लॅग मिसळलेले काँक्रीट सुचवले. लगेच एका उच्चशिक्षित सभासदाने विचारले, "आमच्या पैशात भट्टीचा कचरा कशाला? प्युअर ५३ ग्रेड वापरा." टाळ्या पडल्या. बिल्डरने आनंदाने मान्य केले, कारण ५३ ग्रेडला ताकद लवकर येते, सेंट्रिंग लवकर काढता येते आणि पुढचा स्लॅब लवकर पडतो. ती इमारत खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

'शुद्ध' या शब्दाची आपल्या समाजाला फार जुनी ओढ आहे. माणसांच्या बाबतीत ती किती घातक ठरली हे या वाचकांना मी सांगायला नको. सिमेंटच्या बाबतीतही ती तितकीच अडाणी आहे. ५३ हा आकडा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा आहे. इमारत किती वर्षे टिकेल, याबद्दल तो अवाक्षरही बोलत नाही.

साधे पोर्टलँड सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटे राहते. स्लॅग ते वापरून आणखी बांधणारा पदार्थ तयार करते आणि काँक्रीटमधली छिद्रे बारीक होतात. समुद्राच्या हवेतला क्लोराइड सळयांपर्यंत पोचायला कितीतरी जास्त वेळ लागतो. जमिनीतल्या सल्फेटचाही मारा कमी होतो. जाड पायात काँक्रीट आतून तापून तडकते, तो धोकाही घटतो, कारण स्लॅगची उष्णता हळू सुटते.

हे पुस्तकी वाटत असेल तर आखाताचा इतिहास पाहा. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला आणि या किनाऱ्यावर घाईघाईने इमारती उभ्या राहिल्या. खारी जमीन, खारे भूजल, उन्हाळ्यात चाळिशीच्या पार जाणारा पारा आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. दहा-पंधरा वर्षांत सळया गंजल्या, फुगल्या आणि वरचे काँक्रीट ढलप्या होऊन पडू लागले. नुसते 'स्ट्राँग' सिमेंट घालून भागत नाही, हा धडा या भागाने फार महागात घेतला. नेदरलँड्ससारखा समुद्राशी झुंजणारा देश कित्येक दशके बंधारे आणि बंदरे यांसाठी भरपूर स्लॅग असलेले सिमेंट वापरतो, ते काय पैसे वाचवायला?

अर्थात दुसरी बाजूही सांगते. स्लॅग काँक्रीटला सुरुवातीची ताकद सावकाश येते. त्याला पाणी मारण्यात हयगय केली तर पृष्ठभाग कच्चा राहतो आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून सळयांचे संरक्षण कमी करतो. म्हणजे हे सिमेंट चांगली साइट मागते, धीर मागते. आपल्याकडे नेमकी त्याचीच टंचाई. पण मग दोष साइटला द्या, स्लॅगला कशाला?

'शून्य कार्बन'ची हातचलाखी

आता दुसरी समजूत. सिमेंटचा मुख्य घटक क्लिंकर. तो करताना चुनखडी तापवून तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढावा लागतो. टनभर क्लिंकरमागे सुमारे ८५० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला ५२० किलोच्या आसपास थेट चुनखडीतून येतो, बाकीचा इंधनातून. क्लिंकरच्या जागी स्लॅग घातली की हे टळते. इथपर्यंत सगळे खरे आहे.

पण स्लॅग 'शून्य' कशी? ती ज्या भट्टीतून आली तिथे कोक जळलाच ना? झोतभट्टीच्या मार्गाने टनभर पोलाद करताना सव्वादोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. यातला स्लॅगच्या वाट्याला किती, हे ठरवायच्या रीती अनेक. वजनाच्या प्रमाणात वाटणी केली तर? एक टन लोखंड आणि ०.३ टन स्लॅग. भट्टीपर्यंतचे उत्सर्जन ढोबळमानाने दोन टन धरा. स्लॅगच्या वाट्याला २३ टक्के, म्हणजे जवळजवळ ४६० किलो. टनभर स्लॅगमागे हा आकडा दीड टन होतो, क्लिंकरच्या जवळजवळ दुप्पट! किमतीच्या प्रमाणात वाटणी केली तर तोच आकडा अगदी किरकोळ होतो, कारण स्लॅग लोखंडापेक्षा कितीतरी स्वस्त. माझ्या मते किमतीची वाटणी जास्त रास्त आहे, कारण स्लॅगसाठी कोणी भट्टी पेटवत नाही. पण रास्त म्हणजे शून्य नव्हे. आणि खरी चलाखी पुढेच आहे. पोलाद उद्योगाच्या हिशेबाच्या प्रचलित पद्धतीत 'आमच्या स्लॅगमुळे इतके क्लिंकर वाचले' म्हणून पोलादाच्या खात्यात वजावट मिळते. तिकडे सिमेंटवाला तीच स्लॅग शून्य धरून आपले सिमेंट हरित म्हणून विकतो. एकच पुण्य दोन खात्यांवर जमा. आपल्या गावच्या पतपेढीत असे झाले असते तर आपण लेखापरीक्षक बोलावला असता.

शिवाय ही स्लॅग आहे तरी किती? जगात वर्षाला सिमेंट चार अब्ज टनांच्या आसपास, आणि झोतभट्टीची स्लॅग त्याच्या दहा टक्क्यांहून कमी. त्यातली बहुतेक आधीच सिमेंटमध्ये जाते. लंडनच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर्सच्या संस्थेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की ही मर्यादित वस्तू आहे, एका प्रकल्पात जास्त वापरली म्हणून जगाचे उत्सर्जन कमी होईलच असे नाही. बहरीनमध्ये झोतभट्टीच नाही. इथे येणारी स्लॅग दुसऱ्या देशातून जहाजाने येते, आणि ती इथल्या टॉवरला लागली की आणखी कोठेतरी तिच्या जागी क्लिंकर लागतो. टॉवरवर मात्र हिरवी पाटी लागते.

वितळलेल्या स्लॅगपासून थेट सिमेंट?

यावर उत्साही मंडळींचे उत्तर तयार असते. स्लॅग भट्टीतून १५०० अंशांवर बाहेर येते, क्लिंकरही साधारण तितक्याच तापमानाला बनतो, मग वितळलेल्या स्लॅगमध्ये चुना घालून तिथेच क्लिंकर का करू नये? कल्पना जुनी आहे आणि मोहक आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन बसा.

स्लॅगमध्ये सिलिका सुमारे ३५ टक्के, चुना ३८ टक्के. क्लिंकरमध्ये सिलिका २२ टक्के, चुना ६६ टक्के. टनभर स्लॅगमधल्या सिलिकेतून १.६ टन क्लिंकर होईल, पण त्यासाठी वरून ६७० किलो चुना घालावा लागेल, म्हणजे १.२ टन चुनखडी. तिच्यातून पाचशे किलोवर कार्बन डायऑक्साइड निघणारच. ती फोडायलाच सुमारे २.१ गिगाज्यूल उष्णता लागते, आणि टनभर वितळलेल्या स्लॅगमध्ये असते अवघी १.७ गिगाज्यूलच्या आसपास. म्हणजे उष्णताही पुरत नाही. वर अ‍ॅल्युमिना आणि मॅग्नेशिया प्रमाणाबाहेर जातात ते वेगळेच. चुनखडीच्या कार्बनमधली बचत होते टनभर स्लॅगमागे ३०० किलोच्या घरात, आणि इंधनातली थोडी. उलट तीच स्लॅग नुसती काच करून दळली, तर जवळजवळ टनभर क्लिंकर वाचतो, म्हणजे सुमारे ८०० किलो. थोडक्यात काय, दीडशे वर्षांची साधी रीत या हुशारीपेक्षा सरस आहे.

मात्र पाण्याचा मारा करताना ती १.७ गिगाज्यूल उष्णता वाया जाते, हे खरेच. टनामागे जवळजवळ ६० किलो कोळशाइतकी. आणि नंतर ओली स्लॅग वाळवायला पुन्हा इंधन! ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने फिरत्या तबकडीवर वितळलेली स्लॅग ओतून, तिचे थेंब हवेने थंड करून, गरम हवा वापरायचे तंत्र विकसित केले. पाणीही वाचते. मग ते सर्रास का नाही? अडचणी तांत्रिकही आहेत. काच हवी तर झटपट थंड करावे लागते, आणि उपयोगी उष्णता हवी तर हवा फार वापरून चालत नाही. पण मोठे कारण असे की कारखान्याला पाणी स्वस्त पडते आणि धुराड्यातून वर गेलेल्या कार्बनची किंमत कोणी मागत नाही.

नवे काही पाहायचे असेल तर केंब्रिजचे काम पाहा. मे २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध झाले. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत चुन्याऐवजी पाडलेल्या इमारतींमधली जुनी सिमेंटची लुकटी घालायची. वर येणारी स्लॅग थंड करून दळली की तोच क्लिंकर. चुनखडी नव्याने फोडावी लागत नाही, हे यातले मर्म. बहरीनमध्ये हिद्दला 'सल्ब'चा कारखाना नैसर्गिक वायूने लोहखनिजाचे स्पंज आयर्न करतो आणि विजेच्या भट्टीत वितळवतो. ही रीत भंगाराची नव्हे, त्यामुळे तिची स्लॅग वेगळी, लोहयुक्त, झोतभट्टीच्या स्लॅगसारखी सिमेंटमध्ये न चालणारी. पण अशा भट्ट्यांच्या स्लॅगवर आज संशोधन करणे हे उद्याच्या सिमेंटवर काम करणे आहे.

कारण उद्या झोतभट्ट्या राहणार नाहीत, निदान राहू नयेत. आणि इथे मी डोलवीकडे येते. मुंबई-गोवा रस्त्यावर वडखळजवळ जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे, २०१० मध्ये इस्पातकडून घेतलेला, आज वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा. शेजारीच त्यांचेच सिमेंट ग्राइंडिंग युनिट. कारखान्याची स्लॅग तिथेच दळली जाते, हे चांगलेच आहे. पण २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ साठी ३० कोटी टन क्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे, त्यातला मोठा वाटा झोतभट्टीचा. एकदा पेटवलेली भट्टी पंधरा-वीस वर्षे विझवत नाहीत. 'आमच्या भट्टीतून हरित सिमेंट मिळते' हा युक्तिवाद नव्या भट्टीच्या समर्थनाला वापरला जाऊ लागला, तर शेपूट कुत्र्याला हलवते आहे असे समजा. ३०० किलो स्लॅगच्या कौतुकाखाली दोन टन कार्बन झाकला जातो, आणि धुराड्याखाली राहणारे लोक आपण नसतो.

मग करायचे काय?

१. मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, कोठेही समुद्र किंवा खाडीजवळ घर घेत असाल, तर पायात आणि खांबांत स्लॅग आहे का ते विचारा. नसेल तर का नाही ते विचारा. आणि काँक्रीटला किती दिवस पाणी मारणार, हे लेखी घ्या.

२. समुद्रापासून दूर, पुणे-नाशिकच्या घरासाठी स्लॅगचा हट्ट धरू नका. ती थोडी आहे, जिथे टिकाऊपणा लागतो तिथे जाऊ द्या. कमी क्लिंकरसाठी भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीचे एलसी३ सिमेंट आहे. आयएस १८१८९ हे त्याचे भारतीय मानक २०२३ मध्येच आले. चिकणमातीला झोतभट्टी लागत नाही.

३. ज्या कंपनीत तुमचे पैसे आहेत तिला एकच प्रश्न लिहून विचारा : स्लॅगमुळे वाचलेला कार्बन पोलादाच्या खात्यात धरला की सिमेंटच्या? युरोपचा सीमेवरचा कार्बन कर जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. पोलाद आणि सिमेंट दोन्ही त्यात आहेत, तेव्हा हा प्रश्न आता फक्त आमच्यासारख्या चिकित्सक लोकांचा राहिलेला नाही.

४. 'शून्य कार्बन' असे छापलेले काही दिसले, तर कशाच्या तुलनेत आणि कोणत्या वाटणीने, हे विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका.

वरच्या आकडेमोडीत कोणाला खोट दिसली तर जरूर कळवा. आपल्यात पोलाद, सिमेंट आणि बांधकामातले पुष्कळ जण आहेत, आणि माझ्यापेक्षा जास्त भट्ट्या पाहिलेलेही आहेत. पण मुद्द्याला उत्तर मुद्द्याने द्या. "शुद्ध ते शुद्धच" हे उत्तर मी त्या सभेत ऐकले आहे.